रॉकेलचा अर्ज

होक्काइदो. असाहिकावाच्या उत्तरेला, रेल्वेच्या सोया मार्गावरचं एक लहान गाव. जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे १८. गावाच्या कार्यालयात, कल्याण विभागापुढच्या बाकावर मी शेजारच्या आजींबरोबर बसले आहे. ऐंशी ओलांडलेल्या आजी एकट्या राहतात, आणि वाटेवर निसरडा बर्फ आहे.

त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत पासबुक, नावाचा शिक्का आणि घडी घातलेला अर्ज. ‘फुकुशी तोयु’ म्हणजे गरजू घरांना रॉकेलसाठी मदत. १९७०च्या दशकातल्या तेलसंकटापासून होक्काइदोतली गावं ती देत आली आहेत. रहिवासी कर माफ असलेली वृद्धांची, अपंगांची, एकट्या पालकांची घरं तिला पात्र ठरतात. रक्कम गावागावांत वेगळी. कित्येक ठिकाणी दर चढले तरच ती जाहीर होते.

“अजून भागतंय माझं,” आजी हळूच म्हणतात. “खरी गरज असेल त्यांना मिळू दे.”

भागतंय कसं, ते मला ठाऊक आहे. इथे घराबाहेर ४९० लिटरची टाकी असते, तिच्यातून स्टोव्हला रॉकेल जातं. टाकी भरून घेणं परवडत नाही, म्हणून आजी १८ लिटरचा डबा मागवतात. त्यालाच २,००० येनांवर पडतात. रात्री स्टोव्ह बंद. तो बंद केला की नळ गोठून फुटतील, म्हणून झोपण्याआधी खटका फिरवून नळांतलं सगळं पाणी काढून टाकायचं. पहाटे तहान लागली तर थर्मासमध्ये असेल तेवढंच.

२०२३च्या जानेवारीपासून सरकारने विजेवर युनिटमागे ७ येनांची सवलत दिली, तेव्हा कुणाला शिक्का घेऊन यावं लागलं नाही. मोठ्या बंगल्यांच्या बिलांतूनही ती आपोआप वजा झाली. आजींनी मात्र अर्ज करायचा! कर कुणाला माफ आहे हे कार्यालयाच्या दप्तरी असतंच. मग पैसे सरळ खात्यात का जमा होऊ नयेत? माझ्या लहानपणी रेशनच्या दुकानात रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभं राहताना कुणाला लाज वाटत नसे, कारण सगळी आळीच त्या रांगेत असे. इथे आजी एकट्याच खिडकीशी उभ्या राहणार, हे मला सोसवत नाही.

नंबर पुकारला जातो. खिडकीतला तरुण उठून बाहेर येतो आणि आजींशेजारी गुडघ्यावर बसून चष्मा न लावताही दिसेल अशा मोठ्या अक्षरात खातेक्रमांक लिहून दाखवतो. आजी शिक्का शाईत दाबतात. हात थरथरतो, ठसा अर्धाच उमटतो. तरुण दुसरा कागद पुढे करतो, “सावकाश होऊ द्या.”

ठसा नीट उमटतो. आजी शिक्का पुसून पिशवीत ठेवतात, पण उठत नाहीत.

“आमच्या मागच्या घरात एक आजोबा आहेत,” त्या म्हणतात. “ते इथे यायचे नाहीत. त्यांच्या घरी कुणी जाईल का?”

तरुण पत्ता लिहून घेतो आणि विचारतो, “आज दुपारी गेलो तर भेटतील?”