आकडेमोड स्वस्त, ने-आण महाग

कोणत्या मार्गावर कोणते विमान धाडायचे, त्यावर कोणता वैमानिक नेमायचा, असे प्रश्न सोडवताना हजारो अटी सांभाळाव्या लागतात. त्यासाठीच्या गणिताला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. जॉर्ज डँटझिग यांनी 1947 मध्ये त्याची सिम्प्लेक्स पद्धत काढली. सगळ्या अटी पाळणाऱ्या उत्तरांचा मिळून एक अनेक कोपऱ्यांचा आकार होतो. सिम्प्लेक्स त्याच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जात सर्वोत्तम कोपरा गाठते.

1984 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत नरेंद्र करमरकर यांनी ही वाट सोडली आणि आकाराच्या पोटातून मार्ग काढला. ग्वाल्हेरात, मराठी कुटुंबात जन्मलेले आणि आयआयटी मुंबईत शिकलेले करमरकर तेव्हा तिशीच्या आतच होते.

सिम्प्लेक्सची पावले लहान, पण ढिगाने. शिवाय प्रत्येक पाऊल आधीच्यावर अवलंबून, त्यामुळे काम वाटून घ्यायला फारसा वाव नाही. करमरकरांच्या पद्धतीत फेऱ्या मोजक्या. मात्र दर फेरीला समीकरणांचा प्रचंड संच सोडवावा लागतो, आणि हे अवजड काम अनेक प्रोसेसरांत वाटता येते. म्हणूनच बेल प्रयोगशाळेची मालक कंपनी एटी अँड टीने ही पद्धत बाजारात आणली ती खास संगणकासह. ‘कॉर्बेक्स’ नावाच्या या जोडीची किंमत होती 89 लाख डॉलर, आणि पहिले गिऱ्हाईक पेंटागॉन.

करमरकरांचे त्यापुढचे, आकड्यांच्या ने-आणीवरचे काम कमी चर्चिले जाते, पण आजच्या प्रोग्रॅमरच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. प्रोसेसर जितके वेगवान झाले, तितकी मेमरी झाली नाही. मुख्य मेमरीतून एक आकडा येईपर्यंत आजचा प्रोसेसर शेकडो क्रिया उरकू शकतो. मेमरीतून माल येतो तोही बहुधा 64 बाइटच्या तुकड्यांनी, म्हणजे आठ-आठ बाइटचे आठ शेजारी आकडे एकदम. ओळीओळीने साठवलेल्या मोठ्या तक्त्याची बेरीज त्याच क्रमाने केली, तर आठही आकडे कामी येतात. तीच बेरीज स्तंभांनुसार केली, की दर तुकड्यातला एकच आकडा वापरून बाकीचे बऱ्याचदा वाया जातात. बेरजा तेवढ्याच, वेळ मात्र कितीतरी पट.

1991 मध्ये करमरकरांनी या ने-आणीवर भूमितीतून उपाय मांडला. सात बिंदू, सात रेषा. दर रेषेवर तीन बिंदू, आणि कोणत्याही दोन बिंदूंतून जाणारी एकच रेषा, ही त्या भूमितीतली सर्वांत लहान रचना. बिंदू म्हणजे मेमरीचे कप्पे, रेषा म्हणजे प्रोसेसर. कोणत्याही दोन कप्प्यांतले आकडे एकत्र आणायचे, तर ते काम कोणत्या प्रोसेसरचे हे आधीच ठरलेले. त्यामुळे एकाच कप्प्यापाशी प्रोसेसरांची गर्दी होणार नाही, असे वेळापत्रक आखता येते.

लिनियर प्रोग्रॅमिंगची आजची अनेक सॉफ्टवेअर सिम्प्लेक्स आणि ‘पोटातली’ पद्धत वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी सोडतात. जी आधी पोचेल तिचे उत्तर घ्यायचे. 2021 मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेली पीडीएलपी ही पद्धत तर समीकरणांचा संच सोडवण्याच्या फंदातच पडत नाही. फेऱ्या हजारोंनी वाढल्या तरी चालतील, पण दर फेरीत मुख्यतः मॅट्रिक्सचे गुणाकारच करायचे, कारण ग्राफिक्स प्रोसेसरच्या हजारो कोअरना तेच काम सहज वाटून देता येते.