परसातल्या कोंबड्या (भाग ६) : आंबलेलं वेगळं, नासलेलं वेगळं

मागच्या भागात आपण खाद्याचा हिशेब मांडला. कोंबडीपालनातला साधारण ६० ते ७० टक्के खर्च खाद्यावरच होतो. त्यामुळे कोकणात गिरणीवरून भात भरडून आणलं की सोबत आलेल्या कोंड्याकडे नजर वळणारच. तो आंबवून घातला तर काय होतं, ते आज पाहू.

भाताच्या कोंड्यात १२ ते १४ टक्के प्रथिनं असतात, तेल असतं आणि स्फुरदही भरपूर असतं. पण हे बहुतेक स्फुरद फायटिक आम्लाच्या गाठोड्यात बांधलेलं असतं. ती गाठ सोडणारं फायटेज हे विकर कोंबडीच्या पोटात पुरेसं नसतं. म्हणून खाल्लेल्या स्फुरदाचा मोठा हिस्सा विष्ठेतून जसाच्या तसा उकिरड्यावर जातो. आंबवताना ही गाठ बऱ्याच प्रमाणात सैल होते. शिवाय ताकातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. आंबटपणा चांगला वाढला, सामू ४च्या आसपास आला, की साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना तिथे वाढणं जड जातं.

कृती इडलीच्या पिठाहून अवघड नाही. एक किलो ताज्या कोंड्याला सुमारे अर्धा लिटर पाणी आणि विरजण म्हणून दोन-तीन चमचे आंबट ताक घ्यावं. मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. प्लॅस्टिकच्या डब्यात दाबून भरावं. आत वायू तयार होतो, म्हणून झाकण ठेवावं पण करकचून आवळू नये. उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात, थंडीत एखादा जास्त लागतो. सुरुवात रोजच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्याने करावी आणि दोन-तीन तासांत संपेल एवढंच पुढ्यात ठेवावं.

आता आंबवण्याने जे होत नाही, ते. जुन्या हलर गिरणीच्या कोंड्यात तूस मिसळलेलं असतं. त्यातली सिलिका कुठलंच ताक पचवत नाही. भात भरडलं की कोंड्यातलं तेल लगेच फुटू लागतं आणि काही दिवसांत खवटतं. खवट कोंडा आंबवला तर तो आंबट-खवट होतो, एवढंच. बुरशीचं तर विचारूच नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीवर बुरशी वाढली होती. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. बुरसलेली पेंड आंबवून निर्विष होईल, या भरवशावर राहू नये.

आपल्या भाषेने ही वर्गवारी आधीच करून ठेवली आहे: आंबणं, खवटणं, बुरसणं, नासणं. यातलं फक्त पहिलं कोंबडीसाठी. डबा उघडल्यावर आंबिलीसारखा वास आला तर खुशाल घाला. नाक मागे सरलं किंवा हिरवा-काळा थर दिसला, तर सगळा डबा खड्ड्यात. एक किलो कोंडा वाया गेला तर काही रुपये जातात. तो खाऊन जाईल ती कोंबडी.

आणखी एक उणीव उरतेच. कोंड्यात कॅल्शियम फारच थोडं असतं आणि आंबवून ते वाढत नाही. अंड्याच्या एका कवचाला मात्र सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते कुठून आणायचं? पुढच्या आठवड्यात समुद्रावरच्या शिंपल्यांकडे जाऊ.