स्थानिक विकसनासाठी कंटेनरमधील संदेश-रांग : तेंदूपाने संकलनाच्या नोंदींच्या संदर्भात

प्रस्तावना :
२०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या चंद्रपूर व गडचिरोली या कार्यक्षेत्रात संगणकशास्त्राच्या प्रकल्पासाठी परिसरातीलच विषय निवडावयाचा झाल्यास तेंदूपाने संकलनाइतका उचित विषय क्वचितच सापडेल. उन्हाळ्यात फळीवर पुडके मोजले जातात व त्या मोजणीवर मजुरी ठरते. एक नोंद हरवली तर एका कुटुंबाची दिवसभराची कमाई हरवते. अशी नोंद सुरक्षित राखणारी व्यवस्था प्रयोगशाळेतील एकाच संगणकावर कशी उभारावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संदेश-रांगेचे कार्य :
नोंद पाठविणारा आणि ती हिशेबात उतरविणारा या दोन प्रोग्राममधील मध्यस्थ म्हणजे संदेश-रांग. स्वीकारणारा प्रोग्राम बंद असला तरी संदेश रांगेत थांबून राहतो. मात्र रांग हा नेटवर्कला पर्याय नव्हे. भामरागड वा एटापल्लीकडील एखाद्या फळीवर नेटवर्क नसेल तर नोंद प्रथम मोबाइलमध्येच साठवावी लागेल.

कंटेनरमधील मांडणी :
२००७ मध्ये आलेले, अर्लांग भाषेत लिहिलेले रॅबिटएमक्यू हे या कामाचे सुपरिचित मुक्त सॉफ्टवेअर होय. ते अर्लांगसह प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे बसविण्यापेक्षा २०१३ मध्ये आलेल्या डॉकरच्या कंटेनरमध्ये चालविणे सोयीचे ठरते. इंटरनेट मंद असेल तेथे तयार प्रतिमा एकदाच उतरवून घ्यावी, ‘सेव्ह’ या आज्ञेने तिची फाइल करावी आणि पेन ड्राइव्हवरून इतर संगणकांवर ‘लोड’ करावी. आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने ही सुविधा सर्वांत मोलाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रोग्रामसाठी ५६७२ व व्यवस्थापन-पृष्ठासाठी १५६७२ हे पोर्ट खुले करावेत.

नोंदींचे टिकणे :
कंटेनर थांबवून पुन्हा सुरू केल्यास त्यातील साठा राहतो. तो काढून टाकून नवा उभारल्यास जुना साठा नव्याच्या हाती लागत नाही. यासाठी साठ्याची निर्देशिका नामांकित व्हॉल्यूमला जोडतात. तेवढे पुरेसे नाही. रॅबिटएमक्यू आपला साठा यजमान-नावावरून ठरलेल्या नावाखाली ठेवते, आणि हे नाव दिले नाही तर डॉकर प्रत्येक नव्या कंटेनरला वेगळे नाव देते. परिणामी व्हॉल्यूम शाबूत असूनही रांग रिकामी दिसते! म्हणून यजमान-नाव निश्चित करणे अनिवार्य आहे. शिवाय रांग ‘टिकाऊ’ व संदेश ‘स्थायी’ म्हणून घोषित केलेला असावा.

स्वीकारणाऱ्याने नोंद हिशेबात उतरल्यानंतरच पोच द्यावी. नोंद उतरली, परंतु पोच देण्यापूर्वी वीज गेली, तर तोच संदेश पुन्हा येतो; प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक नसेल तर मजुरी दोनदा लागेल.

चाचणी सोपी आहे. स्वीकारणारा प्रोग्राम बंद ठेवून वीस नोंदी पाठवाव्यात, कंटेनर काढून टाकावा, त्याच व्हॉल्यूमने व त्याच नावाने नवा उभारावा आणि व्यवस्थापन-पृष्ठावर वीस संदेश दिसतात का ते पाहावे.