ट्रकवरील जादा एलईडी दिवे

ट्रकवरील जादा एलईडी दिवे म्हणजे उत्पादकाने बसविलेल्या दिव्यांव्यतिरिक्त मालवाहू वाहनावर नंतर जोडलेले व वाहनाच्याच विद्युत यंत्रणेवर चालणारे दिवे होत. केबिनवरील पट्ट्या, हौद्याच्या कडेचे खूणदिवे आणि माल उतरविण्यासाठी लावलेले कामाचे दिवे हे त्यांचे नेहमीचे प्रकार आहेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातून जाणारा मुंबई–आग्रा महामार्ग पुढे कसारा घाट चढतो. अशा रस्त्यावरील मोठे ट्रक आणि शेणवासारख्या गावांच्या अंतर्गत रस्त्यांवर चालणारे पिकअप टेम्पो यांच्या विद्युत यंत्रणा मात्र सारख्या नसतात.

विद्युतदाब

पिकअप टेम्पोत साधारणतः १२ व्होल्टची एक बॅटरी असते. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट मिळवितात. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे हा दाब सुमारे २८ व्होल्टपर्यंत चढतो. पांढऱ्या एलईडीला स्वतःला सुमारे ३ व्होल्टच लागतात. म्हणून पट्टीत काही एलईडी व एक रोधक यांचे गट केलेले असतात. १२ व्होल्टसाठी केलेली पट्टी २४ व्होल्टवर लावल्यास प्रवाह अनेक पटींनी वाढून ती जळते.

यावर तोडगा म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले जातात. ही जोडणी दिसायला सोपी, पण घातक आहे. अल्टरनेटरचा प्रवाह दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच वाहतो. त्यामुळे दिव्यांना वीज देणारी बॅटरी कायम अर्धवट भारित राहते, तर दुसरी प्रमाणाबाहेर भारित होऊन तिच्यातील पाणी आटते. काही काळाने दोन्ही निकामी होतात. २४ व्होल्टचे दिवे किंवा २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर वापरणे हाच योग्य मार्ग होय.

तार, फ्यूज आणि रिले

९६ वॅटच्या दिव्यांना २४ व्होल्टवर ४ अँपिअर, तर १२ व्होल्टवर ८ अँपिअर प्रवाह लागतो. ०.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या १० मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.३५ ओहम असतो. म्हणजे पहिल्या स्थितीत तारेतच १.४ व्होल्ट आणि दुसऱ्या स्थितीत २.८ व्होल्ट खर्ची पडतात. १२ व्होल्टच्या वाहनाला जाड तार लागते ती यामुळेच.

ट्रकची लोखंडी चासी ऋण टोकाला जोडलेली असते. घर्षणाने आवरण गेलेली धन तार चासीला टेकली की लघुपरिपथ होतो. बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर देऊ शकते. तार लाल होऊन ताडपत्रीला वा मालाला आग लागू शकते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. दिव्यापाशी बसविलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करीत नाही. फ्यूजचे मान तारेच्या क्षमतेपेक्षा कमी ठेवतात. जळालेल्या फ्यूजच्या जागी साधी तार गुंडाळण्याचा जुगाड हे संरक्षणच काढून टाकतो.

जादा भार मूळ बटणावर पडू नये म्हणून रिले वापरतात. त्याच्या ८५ व ८६ क्रमांकांच्या टोकांमध्ये वेटोळे असते. बटणाने ते भारित झाले की ३० व ८७ ही टोके जोडली जाऊन बॅटरीचा प्रवाह थेट दिव्यांकडे जातो. वेटोळ्याची वीज चावीच्या स्विचमधून घेतल्यास चावी काढताच दिवे विझतात. अन्यथा वरील दिवे इंजिन बंद असताना दहा तास चालले तर ४० अँपिअर-तास खर्च होतात. जुन्या बॅटरीला मग सकाळी स्टार्टर फिरविणे जमत नाही.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांवर निर्बंध आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पुढील बाजूस तांबडा प्रकाश दाखविता येत नाही. मागील बाजूस दिशादर्शक, क्रमांकपट्टीचा व मागे घेण्याचा दिवा यांसारखे अपवाद वगळता तांबड्याखेरीज अन्य रंग चालत नाही. पुढे लावलेल्या प्रखर पट्ट्यांनी घाटाच्या वळणावर समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.