जुन्या स्लॉट मशीनचा बोर्ड बंद? आधी बॅटरी बघा

रेनोमधल्या मित्राने १९८०च्या दशकातलं स्लॉट मशीन घेतलंय. दिवे लागतात, रील ढिम्म. बोर्ड काढला, तर बॅटरीभोवती हिरवट-पांढरा थर.

वीज गेली तरी हिशेब टिकावा म्हणून तेव्हा अनेक बोर्डांवरच निकेल-कॅडमियम बॅटरी असायची. जुनी झाली की तिच्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, तांब्याचे ट्रॅक खातं, सॉकेटखालीही शिरतं. (बॅली कंपनीच्या १९६३च्या 'मनी हनी' मशीनमध्ये हा प्रश्नच नाही. तिथे सगळा कारभार रिले आणि मोटरचा!)

प्लग काढा, बॅटरी कापून टाका, ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिप) अलगद उपसून ठेवा. गळती अल्कधर्मी असते, म्हणून डागावर ब्रशने पांढरं व्हिनेगर लावा. मग पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळल्यावर मल्टिमीटरने एकेक ट्रॅक तपासा आणि तुटलेल्या जागी बारीक वायर सोल्डर करा. गंजलेलं सॉकेट बदलाच, घासून भागत नाही.

ईप्रॉमच्या काचेवरचा स्टिकर काढू नका. अतिनील प्रकाशाने प्रोग्रॅम पुसला जातो.

बोर्ड फारच खाल्ला गेला असेल, तर त्याच मॉडेलचा दुसरा घ्या, पण ईप्रॉम आपलेच बसवा. रीलवरची चित्रं आणि प्रोग्रॅम यांची जोडी जुळावी लागते.

कुणाचा बोर्ड अडला असेल तर कमेंटमध्ये दोन्ही बाजूंचे फोटो टाका, बघून नक्की सांगतो.