सावाकाठचं गुन्या

गुन्या हे गाव क्रोएशियाच्या पार पूर्वेकडच्या कोपऱ्यात, सावा नदीच्या डाव्या तीरावर आहे. नदी ओलांडली की बोस्निया. पलीकडचं ब्रच्को शहर इतकं जवळ की बाजारहाट, नोकरी, सोयरीक या साऱ्यासाठी गुन्याची माणसं पिढ्यान् पिढ्या पुलावरून तिकडेच जात आली. गाव मोठं. पंचायतीच्या हद्दीत दुसरी एक वाडीसुद्धा नाही. गुन्या म्हणजेच पंचायत.

जमीन सपाट, काळी, कसदार. दक्षिणेला नदीचा बांध; उत्तरेला थोडं आत गेलं की स्पाच्वाचं ओकचं जंगल सुरू होतं. सुमारे ४०,००० हेक्टरांचं हे जंगल युरोपातल्या ओकच्या सर्वांत मोठ्या सलग जंगलांपैकी एक आहे. हा मुलूख १८८१पर्यंत ऑस्ट्रियाच्या लष्करी सरहद्दीत होता. शेतकरी हाच शिपाई. लष्कराने विखुरलेली घरं सरळ रस्त्याकाठी ओळीने आणून बसवली. आजही इकडच्या गावांत घराची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि शेजारी फाटक. आत शिरलं की लांबच लांब अंगण, मग गोठा, डुकरांचा वाडा, मक्याची कणगी, फळझाडं आणि शेवटी शेत. बाहेरून घर छोटं वाटतं ते यामुळेच.

गावात शोकात्स, म्हणजे या भागातले जुने कॅथलिक क्रोएट, बहुसंख्य आहेत. पण साधारण तिसरा हिस्सा मुसलमान बोस्नियाकांचा. विसाव्या शतकात ते नदीपलीकडून आले, इथे जागा घेऊन स्थायिक झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर क्रोएशियात उभी राहिलेली पहिली मशीद १९६९मध्ये झाली, तीही राजधानीत नाही, या खेड्यात. झाग्रेबची मोठी मशीद त्यानंतर अठरा वर्षांनी, १९८७मध्ये उघडली.

३० एप्रिल १९९२च्या पहाटे ब्रच्कोचा पूल उडवून देण्यात आला. त्या वेळी पुलावर माणसं होती. बोस्नियातलं युद्ध गुन्याच्या दारापर्यंत आलं ते असं. युद्धानंतर पूल पुन्हा उभा राहिला, पण तोवर नदीचे दोन तीर दोन वेगळ्या देशांत गेले होते.

मग २०१४चा मे महिना. जवळच्या झुपान्या शहरातल्या मोजपट्टीवर सावेने तोवरचे सगळे विक्रम मोडले. १७ मे रोजी बांध फुटला, आणि तो गुन्यासमोर नाही. नदीच्या वरच्या अंगाला रायेवो सेलोजवळ आणि खालच्या अंगाला राचिनोव्त्सीजवळ, असा दोन ठिकाणी फुटला. गुन्या मधोमध. ज्या बांधावर गावकऱ्यांनी वाळूची पोती रचली तो टिकला. पाणी आलं ते बांधाआडच्या शेतांतून, पाठीमागून. माणसांना घाईघाईने हलवावं लागलं, जनावरं मात्र बरीच मागे राहिली. सपाट जमिनीवर आलेलं पाणी लवकर ओसरतही नाही, कारण नदीला सांभाळणारा बांधच त्याला परत नदीत जाऊ देत नाही. पंप लावून दिवसेंदिवस उपसा करावा लागला. नंतर सरकारने पडझड झालेली घरं पाडून नवी बांधून दिली.

गाव ओस पडायला लागलं ते या पुरामुळे, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. २००१च्या जनगणनेत गुन्याची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास होती, २०११मध्ये ३,७३२. म्हणजे हजाराहून जास्त माणसं पुराच्या आधीच आकड्यांतून गेली होती. यातला काही फरक मोजणीच्या पद्धतीचा आहे हेही खरं: परदेशी राहणारी काही माणसं आधीच्या खेपेला गावात धरली गेली होती, पुढच्या खेपेला ती वगळली. पण दशकानुदशकं जर्मनी-ऑस्ट्रियात कमावणारी माणसं गावात मोजायची की नाही, हा प्रश्न पडावा इतकी ती होती, हेच पुरेसं बोलकं आहे. २०१३मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात गेला, २०१५पासून जर्मनीत कामाच्या परवान्याची अट उठली आणि वाट आणखी सोपी झाली. पुराने फक्त थांबण्याचं एक कारण कमी केलं. २०२१मध्ये गावाची लोकसंख्या तीन हजारांच्याही खाली आली. त्याच दशकात अख्ख्या वुकोवार-स्रियेम जिल्ह्याने पाचात एक माणूस गमावला.

१ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आहे. करारानुसार गुन्याच्या माणसाला म्युनिकपर्यंत कुठेही कागद दाखवायची गरज नाही. ब्रच्कोच्या बाजारात मिरच्या आणायला जायचं तर मात्र पुलावर रांग लावून ओळखपत्र पुढे करावं लागतं.