बदललेल्या सांध्याची पारख

आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंची अर्धी जिंदगी गादीवर मांडी घालून, नाहीतर मागापाशी उभे राहून जाते. उतारवयात गुडघे आणि खुबे झिजतात व पुष्कळांना कृत्रिम सांधा बसवावा लागतो. बहुतेकांना आराम पडतो. काहींचे दुखणे मात्र जात नाही, किंवा काही वर्षांनी पुन्हा सुरू होते. मग जो तो सांगतो, "पुन्हा ऑपरेशन करा." दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड आणि महागही असते. म्हणून आमचे म्हणणे असे की, पारख केल्याशिवाय या सौद्याला हो म्हणू नये.

पहिली पारख साध्या एक्स-रेची. तो स्वस्त असतो व आधी तोच काढतात. पण एक्स-रे ही सावली आहे. धातूच्या आड हाडात पडलेला खड्डा तिच्यात लपून जातो. सी.टी. स्कॅन हाडाचे पातळ काप एकेक करून दाखवतो. थानाची घडी न् घडी उलगडून पाहावी तसे.

त्यात मुख्यतः दोन गोष्टी कळतात. सांध्यातील प्लास्टिक झिजून त्याची बारीक भुकटी होते आणि तिच्यामुळे भोवतालचे हाड पोखरले जाते. हे पोखरणे किती व कुठवर गेले, ते स्कॅन दाखवतो. दुसरी गोष्ट, सांधा सरळ बसला की वळलेला. गुडघ्याचा भाग काही अंशांनी आत वळला तरी वाटी घसरते आणि दुखते. खुब्याची वाटी चुकीच्या कोनात असली तर सांधा निखळू शकतो. हे कोन स्कॅनवर मोजता येतात.

अडचण धातूचीच. त्याच्यामुळे चित्रावर पांढरे-काळे पट्टे उमटतात; कोबाल्ट-क्रोमचे जास्त, टायटेनियमचे कमी. नव्या यंत्रांत हे पट्टे कमी करण्याची सोय असते. म्हणून सांधा बदललेला आहे हे स्कॅनच्या आधीच सांगावे आणि ही सोय तेथे आहे का, ते विचारून घ्यावे.

सांध्यात जंतुसंसर्ग आहे की नाही, याचा निकाल एकटा स्कॅन देत नाही. त्यासाठी रक्ततपासणी करतात व सांध्यातले पाणी काढून तपासतात. शिवाय स्कॅनमध्ये एक्स-रेपेक्षा किरणे बरीच जास्त लागतात. सांधा नीट चालत असेल आणि एक्स-रे साफ असेल, तर उगाच स्कॅन करू नये.

पक्के बिल आपण जपतो, तसेच ऑपरेशनचे कागदही जपावेत. सांध्याच्या कंपनीचे नाव, माप आणि नंबर असलेले स्टिकर, तसेच पहिल्या दिवसापासूनचे सर्व एक्स-रे एका फाईलीत ठेवावेत. जुन्याशी नवे ताडून पाहिल्यावरच फरक कळतो. फाईल पुरी असली की डॉक्टरांशी बोलणेही नेमके होते.